सरोजताईंची हाक

सरोजताई कॉम्प्युटरवर काही बदललं की सेव्हचं बटण दाबायच्या आणि मान न वळवता मोठ्यानं ओरडायच्या, "चिंतामणी, अडतीस, चार निघाले." मागच्या पॅकिंगच्या टेबलावरून तितक्याच मोठ्यानं उत्तर यायचं, "निघाले." मग त्या पुढच्या ओळीला हात घालायच्या. मी पहिल्यांदा त्या दुकानात गेलो तेव्हा जिन्यातच हा आवाज ऐकला आणि वाटलं, वर भाजीचा लिलाव चाललाय.

मी बदलापूरला खरवईत राहतो आणि घरबसल्या लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. हरीशभाईंचं उल्हासनगरला मॅचिंगचं दुकान आहे. परकर, अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. खाली दुकान, वर गोदाम आणि गोदामाच्या कोपऱ्यात टेबल-खुर्ची टाकून उभं केलेलं ऑनलाइन दुकान. ते त्यांच्या भाच्यानं बनवलं होतं. भाचा नोकरी लागून पुण्याला गेला आणि वेबसाइट हळूहळू इतकी मंद झाली की हरीशभाईंनी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. "सर, आमची वेबसाइट आहे ना, ती बसली आहे. उठतच नाही," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

ही वेबसाइट चालवायच्या सरोजताई. वय पंचावन्नच्या पुढे, ठेंगणा बांधा, साडीचा पदर खांद्यावर पिनेनं घट्ट लावलेला, बांगडीत आणखी चार पिना अडकवलेल्या आणि अंबाड्यात एक पेन्सिल. अंबरनाथहून रोज शेअर रिक्षानं यायच्या. फोन उचलला की "जय भीम, बोला" म्हणायच्या आणि समोरच्याला बोलायला पुरेसा वेळ द्यायच्या. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. त्यांनी मुलीला दहावीनंतर टायपिंगच्या क्लासला घातलं होतं आणि ती परीक्षा पास झाल्यावर मुलीला नोकरी मिळाली परकर मोजायची. पुढे तीस-बत्तीस वर्षं बोटं नुसती कापडावर फिरली. मग साथीच्या काळात दुकानं बंद राहिली, हरीशभाईंनी वेबसाइट काढली आणि ती चालवणार कोण, असा प्रश्न आला. सरोजताई म्हणाल्या, "मला टायपिंग येतं." बाकीचं त्या आठ दिवसांत शिकल्या.

हाक ही गोदामातली जुनी रीत होती. मांडणीवरून माल उतरवणाऱ्यानं रंग, माप आणि नग मोठ्यानं सांगायचे आणि पॅकिंगवाल्यानं ते उलट बोलून दाखवायचं. माल आला तर "आले", गेला तर "निघाले". मांडणी कॉम्प्युटरमध्ये गेली तरी सरोजताईंनी रीत सोडली नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मी दाबलेलं बटण मला एकटीला दिसतं. हाक दिली की दोघींना कळतं. आणि एका मालाला दोन हाका नाहीत, हे लक्षात ठेव." उत्तर देणारी मीरा चाळिशीची होती, पॅकिंगचा टेप दातानं तोडायची आणि ताईंच्या हाकेला उत्तर देताना हातातलं काम थांबवायची नाही.

रंगांच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे कुणाचं चालायचं नाही. भाच्यानं वेबसाइटवर लाल एक, लाल दोन, लाल तीन अशी नावं दिली होती. सरोजताईंनी हरीशभाईंना विचारलं, "तुमच्या घरी मुलांना एक, दोन, तीन म्हणता का?" आणि बसून सगळी नावं बदलली. डाळिंबी, किरमिजी, गाजरी, राणी, अबोली. आमसुली आणि वांगी यांत फरक काय, असं मी एकदा चुकून विचारलं. त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं, दोन परकर दोन हातांत दिले आणि मला फरक दिसेपर्यंत जेवायला सोडलं नाही. तो फरक मला अजूनही नीट दिसत नाही, पण त्या दिवशी मी दिसला म्हणून सांगितलं. भूक लागली होती.

वेबसाइट किती मंद आहे हे त्या मला परकरांत सांगायच्या. पान उघडायला टाकलं की ते उघडेपर्यंत शेजारच्या ढिगातला परकर घडी करायला घ्यायच्या. "ऑर्डरची यादी तीन परकर घेते. भाव बदलायला दोन. परवा एका पानाला सहा परकर झाले, मग मीच उठून चहा घेतला." गिऱ्हाइकांना दिसणारी पानं बरी चालत होती. सगळा त्रास आतल्या, ॲडमिनच्या बाजूला होता, जिथे सरोजताई दिवसाचे आठ तास बसायच्या.

मी तपासून पाहिलं आणि ऑब्जेक्ट कॅशिंग बसवायचं ठरवलं. हे काय असतं ते त्यांना समजल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठणार नव्हत्या, म्हणून समजावून सांगितलं. सगळी माहिती आत डेटाबेसमध्ये असते. एक पान उघडलं की वेबसाइट आत जाऊन शंभर प्रश्न विचारते, या परकराचं नाव काय, माप काय, भाव काय, शिल्लक किती. दुसरं पान उघडलं की पुन्हा तेच शंभर प्रश्न. आता एकदा मिळालेली उत्तरं सर्व्हरच्या आठवणीत हाताशी ठेवायची, म्हणजे दर वेळी आत जायला नको.

"म्हणजे दारातच एक माणूस बसवला. त्याला सगळं पाठ," सरोजताई म्हणाल्या.

"अगदी तसंच."

"आणि आत काही बदललं, तर त्याला कोण सांगणार?"

"ते आपोआप होतं, ताई."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि "बरं" म्हणून खुर्ची सोडली. वेबसाइटमधलं त्यांना काही येत नाही असं मी तेव्हा समजत होतो. तीस वर्षं गोदाम चालवलेल्या बाईनं पहिल्याच झटक्यात बरोबर जागी बोट ठेवलं होतं, हे माझ्या डोक्यात शिरायला पुढचा महिना जावा लागला.

काम झालं आणि ऑर्डरची यादी अर्ध्या परकरात उघडायला लागली. सरोजताईंनी चार वेळा उघडून, बंद करून पाहिली. हरीशभाईंनी घरून कोकी, म्हणजे सिंध्यांची कांद्याची जाड पोळी, आणि लोणचं मागवलं. "साईं, तुम्ही तर जादू केली," म्हणाले. मीही फुशारून गेलो. खरवईला घरी आल्यावर बायकोला ती जादू दोनदा सांगितली आणि तिनं दोन्ही वेळा कुकर लावता लावता ऐकली.

चारेक दिवसांनी सरोजताईंचे फोन सुरू झाले. पहिला फोन साधा होता. मी घरून थेट सर्व्हरवर वेबसाइटचे अपडेट टाकले होते आणि त्यांच्या पडद्यावर अपडेट बाकी असल्याचा लाल गोल तसाच होता. "तुझे ते तीन अजून तीनच आहेत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, ते जुनं दिसतंय, लक्ष नका देऊ." जुनं का दिसतंय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. माझं तेव्हा अंबरनाथच्या लोणचीवाल्यांचं काम चाललं होतं आणि मी लोणच्यात होतो.

दुसरा फोन आला तो संपलेल्या परकराचा. मोरपंखी संपला म्हणून त्यांनी शून्य केला होता, तरी पानावर चार शिल्लक दिसत होते. मी म्हटलं, "सेव्ह दाबायचं राहिलं असेल." तिसऱ्यांदा भावाचं तेच झालं. मी पुन्हा तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उघडून पाहिलं तर दोन्ही वेळा सगळं बरोबर होतं. मी मनाशी निष्कर्ष काढला की बाई संध्याकाळी सेव्ह करायला विसरतात आणि सकाळी येऊन गुपचूप नीट करतात. हरीशभाईंनी विचारलं तेव्हा मी तसं बोलूनही दाखवलं. हे लिहिताना अजून लाज वाटते.

चौथा फोन एका बुधवारी दुपारी आला. आमसुली रंगाचे चोवीस परकर आले होते. रोजचा माल आणि भाव भरायला भाच्यानं एक वेगळं पान बनवलेलं होतं. त्यावर नुसते आलेले किंवा गेलेले नग टाकायचे, वेबसाइट ते शिलकीत मिळवायची किंवा त्यातून वजा करायची. सरोजताईंनी चोवीस टाकले, सेव्ह केलं, हाक दिली आणि पाहिलं तर शिल्लक शून्यच.

"तुम्ही परत टाका आणि परत सेव्ह करा," मी म्हटलं.

"एकदा केलंय रे मी."

"ताई, राहिलं असेल. परत करा."

त्यांनी बटण दाबल्याचा आवाज आला आणि मग हाक, "आमसुली, चोवीस आले." मागून मीराचा आवाज मला फोनवर स्पष्ट ऐकू आला, "ताई, हे मघाशीच आले ना." सरोजताई थांबल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे उत्तर मिळालं नाही तर माल परत ठेवायचा असतो. मी म्हटलं, "तिकडे लक्ष नका देऊ, सेव्ह झालंय ना, मग असू द्या." त्या म्हणाल्या, "बरं. तू म्हणतोस तर असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सरोजताई अंबरनाथहून निघायच्या आधीच, वेबसाइटवर एक ऑर्डर पडली. बदलापूरजवळच्या चामटोलीत रविवारी लग्न होतं. नवरदेवाच्या घरच्या चाळीस बायकांनी एकसारख्या आमसुली साड्या घेतल्या होत्या आणि त्यांना चाळीस आमसुली परकर हवे होते. वेबसाइटच्या मते शिल्लक अठ्ठेचाळीस होती, म्हणून तिनं ऑर्डर आनंदानं घेतली. मांडणीवर चोवीस होते.

हरीशभाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "सर, तुम्ही जरा या. ॲडमिन कुणाला तरी दुसऱ्याला शिकवायचं आहे. सरोज बहन को अब नहीं होता. उमर हो गई. त्यांना पॅकिंगला बसवतो, पगार तोच देणार, त्याचं टेन्शन नाही."

मी गेलो तेव्हा सरोजताई आपल्या खुर्चीवर नव्हत्या. मांडणीपुढे उभं राहून त्या आमसुली परकर पुन्हा मोजत होत्या आणि ते दर वेळी चोवीसच भरत होते. कॉम्प्युटर बंद होता. मला पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "मी एकदा करून दाखवते. तू बघशील?"

हरीशभाई म्हणाले, "अरे बहन, छोडो ना." पण त्या खुर्चीत जाऊन बसल्याही होत्या. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. माझ्या लॅपटॉपवर डेटाबेस उघडून ठेवला. त्यांनी श्रीखंडी रंगाच्या परकराचे दोन नग कमी केले. मी बोट बघत होतो. त्यांनी सेव्ह दाबलं. "श्रीखंडी, चाळीस, दोन निघाले." मीरा म्हणाली, "निघाले." सरोजताईंच्या पडद्यावर सात होते ते सातच राहिले. माझ्या लॅपटॉपवर, आत डेटाबेसमध्ये, पाच.

मला लगेच कळलं. भाच्याचं ते माल भरायचं पान थेट डेटाबेसमध्ये लिहीत होतं, मागच्या दारानं. दारात बसवलेल्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. थेट सर्व्हरवर टाकलेल्या माझ्या अपडेटांचंही तेच झालं होतं. तो आपली सातची पाठ केलेली गोष्ट सांगत बसला होता. रोज पहाटे ती आठवण पुसायची सोय मीच करून ठेवली होती, म्हणून सकाळी सगळं बरोबर दिसायचं. कॅशिंग बसवताना ते पान मला दिसलं होतं, आतला कोडही उघडला होता. चालतंय ना, कशाला हात लावा, असं म्हणून मी तो बंद केला होता.

तिथे उभं राहून माझ्या डोक्यात जे आलं ते लपवण्यात अर्थ नाही. एक बटण दाबून ती आठवण पुसायची, संध्याकाळी घरी जाऊन पान दुरुस्त करायचं आणि कुणाला काही सांगायचं नाही. हरीशभाईंना डेटाबेस म्हणजे काय हे माहीत नव्हतं. मी खाकरून म्हटलं, "सिस्टीमचा थोडा इश्यू दिसतोय."

सरोजताई खुर्चीसकट माझ्याकडे वळल्या. "सिस्टीम कोण? त्याचं आडनाव काय?"

मीरा फिसकन हसली. माझे कान तापले.

"ताई, मी," मी म्हटलं. "चूक माझी आहे. तुम्ही प्रत्येक वेळी सेव्ह केलं होतं. चोवीस एकदाच भरायचे होते, मी तुम्हाला दुसऱ्यांदा भरायला लावले."

हरीशभाई बराच वेळ माझ्याकडे, मग सरोजताईंकडे, मग परत माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे बहन बरोबर होती? महिनाभर?" मी मान डोलावली. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले आणि सिंधीत काहीतरी म्हणाले. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

सरोजताई मात्र उठल्या आणि पॅकिंगच्या टेबलाकडे बोट करून म्हणाल्या, "तिकडे जाऊन सांग. मीराला सांग. तिनं तेव्हा बरोबर सांगितलं होतं आणि तू तिला गप्प केलंस." मी गेलो आणि मीराला सांगितलं. ती टेप दातात धरून ऐकत होती. टेप काढून म्हणाली, "मला माहीतच होतं, सर." आणि पुढचं पार्सल ओढलं.

आता राहिले सोळा परकर. हरीशभाई म्हणाले, फोन करू, माफी मागू, सोळाचे पैसे परत देऊ. सरोजताईंनी ते उडवून लावलं. "एका घरात चाळीस बायका. चोवीसजणींना मिळाले आणि सोळाजणींना नाही. रविवारी लग्न होईल का त्या घरात धड?" हरीशभाईंच्या घरात सहा बायका होत्या, त्यांना हे ताबडतोब पटलं. सरोजताईंनी सोळा पांढरे सुती परकर काढले, एक आमसुली नमुना घेतला आणि मला म्हणाल्या, "चूक तुझी ना? मग गाडी तुझी."

रंगाऱ्याकडे आम्ही शुक्रवारी दुपारी गेलो. त्याच्या शेडमध्ये वाफ कोंडलेली होती आणि तो पातेल्यात काठीनं परकर ढवळत होता. दर थोड्या वेळानं तो एक टोक पिळून वर धरायचा आणि सरोजताई मान हलवायच्या. एकदा मला तो रंग अगदी जुळला असं वाटलं, मी तसं म्हटलंही. त्यांनी मला दाराबाहेर उन्हात उभं राहायला सांगितलं. "ओल्या कापडाचं ऐकायचं नाही. इस्त्री फिरव आणि मग दाखव," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या. त्यानं कोपऱ्यावर इस्त्री फिरवली, कोपरा वाळला आणि रंग चांगलाच फिका निघाला. मग आणखी रंग, आणखी वाफ. चौथ्या खेपेला सरोजताई "हां" म्हणाल्या. रंगाऱ्यानं काठी टेकवून कंबर सरळ केली आणि मला विचारलं, "ये मॅडम रोज आएंगी क्या?"

शनिवारी दुपारी चाळीस परकरांचे दोन गठ्ठे घेऊन आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. एक गठ्ठा माझ्या पायांत, एक आमच्या दोघांच्या मध्ये. अंबरनाथ गेलं, बदलापूर आलं. बदलापुरात मी बारा वर्षं राहतो, तरी सरोजताई मागून मला डावं-उजवं सांगत होत्या आणि निम्म्या वेळा बरोबर सांगत होत्या. चामटोलीच्या त्या घरापुढे मांडव पडला होता. नवरदेवाची आत्या बाहेर आली, तिनं दोन्ही गठ्ठे सोडून सगळे परकर बाजेवर पसरले. चाळीसच्या चाळीस एकाच थानातले वाटत होते.

"मस्त. एकसारखे आहेत," आत्या म्हणाली.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सरोजताई पुढे झाल्या. "एकसारखे नाहीत, ताई. यातले हे सोळा आम्ही काल रंगवून घेतलेत. आमच्याकडे माल कमी होता आणि तुमची ऑर्डर घेतली गेली. हे पहिल्या धुण्याला वेगळे धुवा, नाहीतर रंग लागेल." त्यांनी ते सोळा परकर एक एक करून बाजूला काढून ठेवले. न मोजता, न चुकता. आत्यानं दोन्ही ढीग उजेडात धरून पाहिले, तिला काही फरक दिसला नाही. मग तिनं सरोजताईंचा हात धरला आणि आत जेवायला नेलं. वालाची भाजी, भात आणि जिलेबी. मला त्या घरात दोनदा वाढलं, तेही सरोजताईंबरोबर आलो होतो म्हणून.

परतताना बदलापूरला आम्ही चहाला थांबलो. मी खुशीत होतो. सगळं निभावलं होतं, जिलेबी पोटात होती. मी म्हटलं, "ताई, झालं ते झालं. शेवट गोड झाला."

सरोजताईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदरानं पुसला. "हा चष्मा नवा आहे," त्या म्हणाल्या. "गेल्याच आठवड्यात केला. त्या बुधवारच्या आधीच तू दोन वेळा म्हणालास की सेव्ह राहिलं असेल. पहिल्यांदा मला राग आला. दुसऱ्यांदा मी ऐकून घेतलं. मग वाटलं, असेलही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, नंबर फारसा बदललेला नाही. तरी म्हटलं, द्या. मग रोज घरी गेल्यावर लेकीला सांगायचे, मला काहीतरी विचार. सकाळी भाजी काय होती, परवा कोण आलं होतं. मला सगळं आठवायचं. तरी दुसऱ्या दिवशी सेव्ह दाबलं की, दाबलं ना, असं स्वतःलाच दोनदा विचारायचे."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. चुकीचा आकडा तर बटण दाबून पुसता आला होता. या बाईला आपल्या डोळ्यांवर आणि आपल्या हातांवर शंका घ्यायला मी लावलं होतं. त्यांना एक प्रश्न विचारण्याचेही कष्ट मी घेतले नव्हते. मी माफी मागितली. त्या दिवशी कॉम्प्युटरपुढे चूक कबूल केली होती त्याहून ती वेगळी होती आणि त्यांना ते कळलं.

"चष्मा ठेवणार आहे," त्या म्हणाल्या. "फ्रेम चांगली आहे. लेक म्हणते, मास्तरीण दिसते." आणि हसल्या. मग चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

ते पान मी चूक सापडली त्याच रात्री दुरुस्त केलं होतं. आता तिथे काही बदललं की दारातल्याला आधी कळवलं जातं. सरोजताईंनी पुढे दीड वर्ष ॲडमिन सांभाळलं आणि मग लेकीला बाळ झालं म्हणून काम सोडलं. जायच्या आधी मीराला त्या खुर्चीवर बसवून गेल्या. मीरा पहिल्या दिवशी रडकुंडीला आली होती, असं हरीशभाईंनी सांगितलं. आता तीही वेबसाइट किती चालते ते परकरांत मोजते, आणि फोनवर माझ्याशी जरा जास्तच मोठ्यानं बोलते. सरोजताई अंबरनाथलाच असतात. कधी फोन केला तर मागून बाळ ओरडत असतं आणि त्या मला आधी जेवलास का ते विचारतात.

परवा लोणचीवाल्यांकडच्या नव्या बाईंचा फोन आला. कामाला लागून त्यांना आठवडाही झाला नव्हता. "सर, मी आंब्याच्या लोणच्याचा भाव बदलला होता, पण जुनाच दिसतोय," त्या म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत घाईघाईनं पुढे म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल. मला हे नीट जमत नाही हो."

"तुम्ही बरोबर केलं असेल," मी म्हटलं. "थांबा, माझं काय चुकलंय ते बघतो."

मग त्या बाईंनी विचारलं, "खरंच?"